गाव झोपलं, माफिया जागा झाला

राजा, राणी, चोर, शिपाई. वहीच्या मधल्या पानाचे चार तुकडे, चारही सारख्या घडीचे, आणि चिठ्ठ्या जमिनीवर पडायच्या आत झडप. ज्याला राजा आला तो लगेच ओरडून मोकळा व्हायचा. त्याचे १००० गुण कुठे जात नव्हते. शिपायाने मात्र उरलेल्या दोघांतून चोर ओळखायचा. ओळखला तर ५००, चुकला तर ते चोराच्या खात्यात. खरं तर ही नुसती छापा-काट्याची संधी. तरी शिपाई दोघांच्या तोंडाकडे टक लावून बसायचा, आणि राणी आलेली मुलगी मुद्दाम चोरासारखं हसायची. मे महिन्याच्या कितीतरी दुपारी यात गेल्या.

त्या खेळात लपवलेली ओळख होती, संशय होता, थापाही होत्या. चर्चा मात्र नव्हती. चोर एकटा आणि शिपाईही एकटा. चोराला साथीदार नाही, शिपायाला सल्ला द्यायला कोणी नाही. आता समजा, चोर दोन केले आणि त्यांची आपसांत ओळख करून दिली. शिपायाला उठवून त्याच्या जागी सगळा जमाव बसवला आणि सांगितलं, की चोर कोण ते तुम्हीच बहुमताने ठरवा. मग काय होईल?

हे मॉस्कोत करून बघितलं गेलं. १९८६-८७च्या सुमारास दिमित्री दाविदोव नावाचा तरुण मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्र विभागात होता आणि जोडीला शाळकरी मुलांना शिकवत होता. त्याने एक खेळ बसवला आणि त्याला नाव दिलं 'माफिया'. पट नाही, फासे नाहीत, सोंगट्या नाहीत. गाभा एवढाच, की थोड्यांना सगळं माहीत आहे, पुष्कळांना काहीच माहीत नाही, आणि निर्णय मात्र बहुमताचा. वर्गातून हा खेळ वसतिगृहात गेला, तिथून मुलांच्या उन्हाळी शिबिरांत, आणि मग सोव्हिएत संघाच्या सीमेबाहेर. 'शहर झोपतं, माफिया जागा होतो' हे सूत्रधाराचं वाक्य रशियात आजही पोराटोरांना पाठ असतं. गोर्बाचेव्हच्या ग्लासनोस्तचे, म्हणजे खुलेपणाच्या धोरणाचे, ते दिवस. शेजारच्या खोलीतला कोण आपली खबर वर पोचवतो, हा प्रश्न ज्या समाजाने कित्येक वर्षं मनातल्या मनात ठेवला, तिथेच असा खेळ निघावा याचं मला नवल वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क, दाविदोवचं म्हणणं नव्हे.

१९९७ साली अमेरिकेत अँड्र्यू प्लॉटकिनने माफियाच्या जागी लांडगा आणला: दिवसा माणूस, रात्री लांडगा, आणि भोवती भेदरलेलं खेडं. 'वेअरवुल्फ' हे नाव पाश्चात्त्य जगात जास्त रुजलं ते तेव्हापासून. २००१ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे सुंदर चित्रांचे पत्ते निघाले. २०१८ मध्ये इनरस्लॉथ या छोट्या अमेरिकी कंपनीने हाच खेळ अंतराळयानात नेऊन 'अमंग अस' काढला. दोन वर्षं त्याला फारसं कोणी विचारलं नाही. मग २०२० साली सगळं जग घरात कोंडलं गेलं आणि आपल्याकडची शाळकरी मुलंसुद्धा ऑनलाइन तासाच्या आड एकमेकांना 'सस', म्हणजे संशयित, म्हणू लागली. जून २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर करण जोहरने जैसलमेरच्या सूर्यगढमध्ये वीस प्रसिद्ध चेहरे जमवून 'द ट्रेटर्स' केलं. मूळ कार्यक्रम नेदरलँड्सचा, २०२१चा. आपल्याकडच्या पहिल्या पर्वात उर्फी जावेद आणि पोकरपटू निकिता लूथर जिंकल्या. बघायला मजा आली, पण खेळ म्हणून त्यात एक खोट आहे. तिथे गद्दारांना मधेच नवा गद्दार भरती करता येतो. काल जो निर्दोष होता तो आज निर्दोष असेलच असं नाही, म्हणजे कालचा हिशेब आज फुकट. ज्या खेळात हिशेब चालत नाही, तिथे उरतो तो आरडाओरडा, आणि कॅमेऱ्याला तोच हवा असतो.

घरात खेळायचा असेल तर दाविदोवचाच खेळ बरा. पत्त्यांचा एक जोड पुरतो. माणसं दहा आणि वर एक सूत्रधार. दोन काळे गुलाम म्हणजे माफिया, एक राजा म्हणजे पोलीस, एक राणी म्हणजे डॉक्टर, आणि सहा बारीकसारीक पत्ते म्हणजे साधे गावकरी. पत्ते पिसून एकेक वाटायचा. प्रत्येकाने आपला पत्ता बघायचा आणि मांडीखाली सारायचा. शेजाऱ्याला दाखवायचा नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही.

सूत्रधार म्हणतो, 'गाव झोपलं.' सगळे डोळे मिटतात. 'माफियाने डोळे उघडावेत.' दोघे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि खुणेने एक बळी ठरवतात. ते पुन्हा झोपले की पोलीस उठतो आणि एका माणसाकडे बोट दाखवतो. तो माफिया असेल तर सूत्रधार मान हलवून हो म्हणतो, नसेल तर नाही. मग डॉक्टर उठतो आणि एकाला वाचवतो. माफियाने त्यालाच मारलं असेल तर त्या रात्री कोणी मरत नाही. बहुतेक ठिकाणी डॉक्टरला एकाच माणसाला लागोपाठ दोन रात्री वाचवता येत नाही, आणि हा नियम ठेवावाच, नाहीतर डॉक्टर स्वतःलाच कवटाळून बसतो. 'सकाळ झाली, रात्री अमुक गेला.' गेलेला माणूस आपला पत्ता उघडा करतो आणि त्या क्षणापासून तोंडाला कुलूप. उरलेले बोलतात, भांडतात, शेवटी मतदान करतात. ज्याच्यावर निम्म्याहून जास्त हात, तो बाद, त्याचाही पत्ता उघडा. मग पुन्हा रात्र. दोन्ही माफिया बाद झाले तर गाव जिंकलं. माफिया आणि गावकरी संख्येने सारखे उरले तर माफिया जिंकला, कारण पुढच्या मतदानात त्यांना कोणी हरवू शकत नाही.

नियम एवढेच. समजायला पाच मिनिटं लागतात. डाव फसतो तो नियमांमुळे नव्हे, बहुतेक वेळा सूत्रधारामुळे फसतो.

सूत्रधाराने रात्री एका जागी बसून बोलू नये, फिरत राहावं. नाहीतर 'पोलिसाने डोळे उघडावेत' म्हणताना त्याची मान कुठे वळली ते आवाजावरून कळतं. कपडे सळसळतात, बांगडी वाजते, गुडघा कटकन मोडतो. यासाठी रात्रभर सगळ्यांनी मांडीवर हलकेच थापा मारत राहायचं, म्हणजे बाकीचे आवाज त्यात बुडतात. बाद झालेल्यांचे पत्ते न उघडता खेळत असाल, तर पोलीस बाद झाला असला तरी सूत्रधाराने दर रात्री पोलिसाला हाक मारायची, तेवढाच वेळ थांबायचं आणि पुढे जायचं. आवाज कोरडा हवा. आमच्याकडचे हौशी सूत्रधार बळी जाहीर करताना एकांकिका स्पर्धेचं पारितोषिक घ्यायला उभे असल्यासारखे बोलतात. कोणी विहिरीत सापडतो, कोणाचा गळा आवळलेला असतो. हरकत नाही, पण त्या वर्णनातून आपल्याला काय माहीत आहे ते सांडता कामा नये.

आता जरा आकडेमोड, कारण डाव मांडणाऱ्याला ती लागते. पोलीस आणि डॉक्टर बाजूला ठेवा आणि समजा, गाव अगदी डोळे मिटून कोणालाही बाद करतंय. दहा जण, त्यात दोन माफिया, सुरुवात रात्रीने. एक गेला, सकाळी नऊ उरले. अशा १०० डावांत गाव जेमतेम ३० डाव जिंकेल. आता दहाऐवजी नऊच जण बसवा, म्हणजे सकाळी आठ. गावाचे डाव ३० वरून थेट १६ वर येतात. एका माणसाने एवढा फरक कसा? नऊ जणांच्या सकाळपासून एकही माफिया सापडला नाही, तरी गावाला तीनदा कोणाला तरी बाद करायची संधी मिळते. तीनही वेळा चुकले तरच सगळं संपतं. आठांच्या सकाळपासून दोनच संधी: दोन चुका झाल्या, की चार माणसांत दोन-दोन अशी बरोबरी. माफिया एकच असला तरी तीच गत: सकाळी पाच असतील तर गावाला १०० पैकी ४७ संधी, सहा असतील तर ३७ किंवा ३८. एक जास्तीचा भला माणूस येऊन गावाचं नुकसान करतो. म्हणून सकाळी उरणारी संख्या विषम राहील असं बघावं. नऊच खेळाडू जमले तर पहिली रात्र नुसती ओळखीची ठेवावी, त्या रात्री कोणाला मारू नये.

रशियात आणि आसपासच्या देशांत या खेळाच्या रीतसर स्पर्धा होतात, तिथेही पहिली रात्र ओळखीचीच असते. टेबलाला दहा जण: सात लाल, तीन काळे. लालांत एक शेरीफ, काळ्यांत एक डॉन. रात्री डोळ्यांवर मुखवटा चढवायचा. दिवसा प्रत्येकाला बोलायला एक मिनिट, एक सेकंदही जास्त नाही, आणि दुसऱ्याच्या मिनिटात तोंड उघडलं तर ताकीद. पुढच्या रात्री तर माफियाला आपसांत खुणावताही येत नाही. न्यायाधीश एकेक क्रमांक पुकारतो, सगळ्यांनी एकाच क्रमांकावर गोळी झाडली तरच माणूस मरतो. ठरवाठरवी काय ती पहिल्या रात्रीच. त्यांचा एक मिनिटाचा नियम मी उचललाय आणि तो प्रत्येकाने उचलावा असं माझं मत आहे. मराठी माणसाला मोकळं सोडलं तर दहातले तीन बोलतात आणि सात 'बरोबर आहे' म्हणतात.

गणितज्ञांनीही या खेळाला हात घातला आहे. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्खानन मोसेल यांचा २००८ मधला निबंध सांगतो, की पोलीस नसेल तर बरोबरीच्या सामन्याला लागणारा माफिया गावाच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. गाव चौपट झालं तरी सामना बरोबरीचा ठेवायला माफिया नुसता दुप्पट पुरतो. म्हणजे गाव जितकं मोठं, तितके त्याला वेठीला धरायला लागणारे लोक प्रमाणात कमी. पण गावात एक पोलीस सोडला की चित्र पालटतं. मग माफियाला गावाचा ठरावीक हिस्सा व्यापावा लागतो, नाहीतर त्याचं काही चालत नाही. एका माणसाच्या हाती खात्रीची माहिती असणं एवढं मोलाचं आहे. फक्त त्याच्यावर विश्वास बसला पाहिजे.

इथेच गाडी अडते. खेळायला बसलेला प्रत्येक जण मनातून स्वतःला चेहरा वाचणारा समजतो. 'माझ्याकडे बघून बोल.' 'हसलास का?' 'पाणी का प्यायलास?' खोटं बोलणारा नजर चुकवतो, हा समज तर जगभर आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५८ देशांतल्या पाहणीत सगळ्यात जास्त लोकांनी हीच खूण सांगितली. आणि त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी आधीच्या शेकडो प्रयोगांतले २४,००० हून अधिक लोकांचे निवाडे एकत्र करून पाहिले. कोणतंही खास साधन हाती नसताना खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर ५०. राजा-राणी-चोर-शिपाईतला शिपाई आठवतो ना? तो मोठा झाला, नोकरीला लागला, सोसायटीचा सेक्रेटरी झाला, तरी त्याची नजर तेवढीच राहिली.

एका कोजागिरीला आमच्या गच्चीवर मांडलेला डाव सांगतो. मी सूत्रधार होतो, त्यामुळे कोण काय आहे ते मला पहिल्यापासून दिसत होतं. दहा खेळाडू. माफिया म्हणजे तळमजल्यावरच्या काकू आणि अकरावीतला एक मुलगा. पोलीस म्हणजे बँकेत नोकरी करणारी एक मुलगी. पहिल्या रात्री सगळ्यात गप्पिष्ट गृहस्थ गेले. सकाळी एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळी इमारत 'सर' म्हणते, त्यांनी सूत्रं हाती घेतली. दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेला एक तरुण भाडेकरू कोपऱ्यात गप्प बसला होता.

'काय हो, तुम्ही काहीच बोलत नाही?' सर म्हणाले.

'सर, मी पहिल्यांदाच खेळतोय.'

'तेच म्हणतोय मी. पहिल्यांदा खेळणारा घाबरतो, आणि घाबरतो तो का?'

यात तर्क काही नव्हता, पण आवाज वर्गातला होता. चार हात वर गेले. नऊ जणांत पाच लागत होते. काकू मसाला दुधाच्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या, 'आता एवढे सगळे म्हणतायत तर असेल बाई,' आणि पाचवा हात वर केला. भाडेकरूने पत्ता उलटला. चौकटची पंजी. साधा गावकरी.

दुसऱ्या रात्री डॉक्टर गेला. सकाळी सात उरले, आणि बँकेतली मुलगी उभी राहिली. 'मी पोलीस आहे. पहिल्या रात्री मी सरांना तपासलं, ते माफिया नाहीत. काल रात्री याला तपासलं. हा आहे.' मुलगा क्षणभरही न दचकता म्हणाला, 'ताई, पोलीस मी आहे. मी तुला तपासलं आणि तू निघालीस.' अकरावीच्या मानाने उत्तम. गच्चीवर कल्लोळ झाला. आणि सगळ्यांत आधी, कोणी मत मागायच्याही आधी, मुलाच्या विरोधात हात वर केला तो काकूंनी. 'मला नाही पटत याचं.' मुलगा बाद झाला आणि काळा गुलाम बाहेर आला. काकूंच्या पाठीवर थाप पडली. त्या रात्री पोलीस मुलगी गेली.

पाच उरले. त्यात सातवीतली एक मुलगी होती, जी पहिल्यापासून पेपर नॅपकिनवर काहीतरी लिहीत होती. ती म्हणाली, 'काकू, पहिल्या दिवशी पाचवा हात तुमचा होता. आणि दादाने दोन दिवसांत सगळ्यांवर संशय घेतला, एक तुमचं नाव सोडून. तुम्हीपण त्याचं नाव पोलीस बोलल्यावरच घेतलं.' सबंध संध्याकाळभरात कोणी बोललेलं हे एकच पुराव्याचं वाक्य. सरांनी ते एका झटक्यात मोडून काढलं: 'अगं, त्यांनीच तर त्याला पकडून दिलं. आणि तू एवढं लिहून कशासाठी ठेवतेयस?' पोलिसाने सरांना निर्दोष ठरवलेलं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. तीन विरुद्ध दोन मतांनी मुलगी बाद. बदाम दुर्री. त्या रात्री सर गेले, आणि शेवटच्या सकाळी काकूंनी उरलेल्या दोघांची आपसांत जुंपून दिली.

सर निर्दोष होते आणि दोन्ही वेळा चुकीचे होते. माफियाने त्यांना शेवटपर्यंत जिवंत ठेवलं ते उगाच नाही. जो छातीठोकपणे चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो, त्याला मारायचा मूर्खपणा कोणता माफिया करेल? रात्री कोण मेलं याबरोबर कोण मेलं नाही, हेही गावाने बघायला हवं. पाच जणांच्या त्या सकाळी सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकून नाव काढलं असतं, तरी गावाला १०० पैकी ४७ संधी होती. चर्चेने ती घालवली.

या खेळात खोटं बोलता येतं, हात मात्र वर केला की केला. चेहरा, आवाज, घाम यांचे अर्थ दहा निघतात. कोणी, कितवा, कोणाविरुद्ध हात वर केला याला अर्थ थोडेच असतात. पहिला दिवस बहुतेक वाया जातो, कारण त्या दिवशी कोणाहीजवळ काही नसतं. पण पत्ता उघडला की मागचा दिवस जिवंत होतो. एक माफिया सापडला की दुसरा शोधायला पुढे न बघता मागे बघायचं. सापडलेल्याने कोणाला कधीच टोकलं नाही? त्याच्यावर बालंट आलं तेव्हा विषय कोणी बदलला? आणि त्याचं मरण नक्की झाल्यावर घाईघाईने हात वर करून कोण शुद्ध झालं? नावं आणि मतं एका कागदावर लिहा. लिहिणाऱ्यावर संशय घेण्याची जुनी खोड मात्र आधी सोडा.

पोलिसाने कधी बोलावं, यावर दोन तट आहेत. लवकर बोलला तर रात्री मेलाच. उशीर केला तर माहिती पोटात घेऊन मरतो. दहा जणांच्या डावात मला वाटतं, माफिया सापडला की त्याच सकाळी बोलावं आणि आधीच्या रात्रींचे निकालही सांगून टाकावेत, जसं बँकेतल्या मुलीने केलं. डॉक्टर जिवंत असेल तर तो पोलिसाला एक रात्र तरी राखू शकतो. दोघांनी 'मीच पोलीस' म्हटलं तर गावाने आनंदच मानावा, कारण त्यातला एक नक्की खोटा आहे. एकाला बाद करा; तो खरा निघाला तर दुसऱ्या सकाळी दुसऱ्याला. महाग सौदा आहे, पण खात्रीचा. आणि साध्या गावकऱ्याने गंमत म्हणून 'मी पोलीस' म्हणू नये. असा विनोद करणाऱ्याला पुढच्या डावात दूध ढवळायला पाठवावं.

माफियाचं काम वरवर दिसतं तेवढं सोपं नाही. खोटं बोलण्यापेक्षा अवघड आहे ते माहीत नसल्याचं सोंग वठवणं. गावकरी खरोखर चाचपडत असतो. 'तू असशील का? नाही, पण काल तू मत दिलंस...' असं त्याचं मागे-पुढे चालू असतं. माफियाला सगळी उत्तरं ठाऊक असतात, त्यामुळे त्याची वाक्यं जरा जास्तच नीट येतात. निर्दोष माणसाबद्दल बोलताना तो नकळत 'बिचारा' म्हणून जातो. जोडीदाराचा बचाव करू नये, हे सगळ्यांना कळतं. पण त्याच्यावर कधीतरी स्वतःहून, गरज नसताना संशय घ्यावा लागतो, आणि तोही लवकर, हे काकूंसारख्या थोड्यांनाच सुचतं. त्यांनाही ते उशिराच सुचलं. सातवीतल्या मुलीने नेमकं तेच पकडलं होतं. 'चॅलेंज' खेळताना चार राण्या म्हणून चार फुटकळ पत्ते सरकवणारी माणसं आपल्या प्रत्येक घरात असतात. त्यांना माफिया केलं की ती हमखास पकडली जातात, कारण पत्त्यात थाप एकदाच मारायची असते. इथे ती तासभर सांभाळायची असते.

आणखी एक गोष्ट, जी खेळाच्या नियमांत कुठे लिहिलेली नसते. पहिल्या दिवशी पुरावा नसतो, तरी कोणालातरी बाद करायचं असतं. अशा वेळी हात कोणाकडे वळतात ते बघा. नव्या भाडेकरूकडे. नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेकडे, जी 'अहो' आणि 'हो' याच्यापलीकडे बोललेली नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाकडे. परगावच्या, वेगळ्या बोलीच्या पाहुण्याकडे. गप्प बसणं हा पुरावा ठरतो आणि त्या माणसाला बोलायची संधी मिळण्याआधी त्याचा डाव संपतो; मग तो तासभर दुसऱ्यांचा खेळ बघत बसतो. याला इलाज आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक मिनिट सक्तीचं, आणि एकदा पहिला बाद झालेला पुढच्या डावात पहिल्या दिवशी बाद करायचा नाही. शाळेत किंवा शिबिरात हा खेळ घेणाऱ्यांनी तर हे दोन्ही नियम पाळायलाच हवेत. लहान मुलं असतील तर मारणंही नको. रात्री एकेक जण गावाबाहेर हरवला म्हटलं तरी चालतं.

नव्या नव्या भूमिका वाढवण्याचा मोह आवरावा. बाजारात मिळणाऱ्या संचांत प्रेमी युगुल असतं, चेटकीण असते, शिकारी असतो, आणि तरुण मंडळी त्यावर इंटरनेटवरून आणखी डझनभर चढवतात. प्रत्येकाला काहीतरी खास मिळतं आणि साधा गावकरी कोणी उरत नाही. खेळाचा जीव मात्र त्या सहा साध्या गावकऱ्यांत आहे. त्यांच्या हाती ना बंदूक, ना औषध, ना खबर. एक मत आणि एक मिनिट.

तेव्हा या दिवाळीत लक्ष्मीपूजन उरकलं, फराळ झाला आणि घरात अकरा माणसं असली, तर मोबाइल एका परडीत गोळा करा आणि पत्त्यांचा जोड काढा. दहा पत्ते वाटा. एक कागद आणि पेन्सिल मधोमध ठेवा, कोणीही लिहावं. आणि सूत्रधाराचं काम घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला द्या. सरांना देऊ नका.